पोकळ चिलखत आणि बांबूची तलवार

पडद्यावर सर्वप्रथम दिसते ते एक चिलखत. शिरस्त्राण, लोखंडी मुखवटा, छातीवरचे पत्रे, मांड्यांवरच्या झालरी, सगळे जागच्या जागी आहे. शिरस्त्राणाला पांढऱ्या केसांचा लांब टोप आहे. भोवती धुके की धूप, सांगता येत नाही. चिलखत बसल्यासारखे मांडले आहे, एखादा म्हातारा सेनापती दरबार भरवून बसावा तसे. फक्त आत माणूस नाही.

मासाकी कोबायाशी या जपानी दिग्दर्शकाचा १९६२ सालचा हा चित्रपट. जगभर तो 'हाराकिरी' म्हणून ओळखला जातो. जपानी नाव 'सेप्पुकू'. दोन्ही शब्द त्याच दोन चित्रलिपी अक्षरांचे, फक्त क्रम उलटा. एक दरबारी, एक बोलीतला. आपल्याकडे 'कैलासवासी झाले' आणि 'गेला' यांत जेवढे अंतर, तेवढेच यांत. हे अंतर मुद्दाम सांगतो आहे, कारण साऱ्या चित्रपटाचे भांडण याच अंतराशी आहे.

सामुराई म्हटले की आपल्याकडच्या रसिकाला कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' आठवतो, आणि त्यामागोमाग 'शोले'. 'हाराकिरी'चा पटकथाकार शिनोबु हाशिमोतो 'सेव्हन सामुराई'च्याही लेखकांपैकी एक, 'राशोमोन'ही त्याचाच. पण या चित्रपटात गाव वाचवायला कोणी येत नाही. बराच वेळ तर तलवारही उपसली जात नाही. एक मध्यमवयीन फाटका माणूस पांढऱ्या वाळूच्या अंगणात चटईवर बसून गोष्ट सांगतो आणि वाड्यातली माणसे ती ऐकतात. आमच्याकडे पारावर बसून लोक ऐकतात तशी.

गोष्ट १६३० सालची. जपानात लढाया संपल्या होत्या. तोकुगावा शोगुनांची पकड घट्ट झाली होती आणि त्यांनी एकामागून एक सरदार घराणी खालसा केली होती. हिरोशिमाचे फुकुशिमा घराणे १६१९ साली असेच बुडाले. घराणे बुडाले की पदरचे सैनिक रस्त्यावर. धनी नसलेल्या अशा सामुराईला 'रोनिन' म्हणत. लढण्यापलीकडे काही न शिकलेली ही माणसे एदो शहरात येऊन छत्र्या बनवत, पोरांना शिकवत, उपाशी राहत. त्यातून एक युक्ती निघाली. मोठ्या सरदाराच्या वाड्यावर जायचे आणि सांगायचे, 'या लाजिरवाण्या जिण्यापेक्षा सन्मानाने पोट फाडून घेतो, अंगण द्या.' एका घराण्याने अशा एकाला खरेच चाकरीत घेतले. मग बाकीचे जाऊ लागले. अंगणात रक्त नको म्हणून वाडे चार नाणी हातावर ठेवून त्यांची बोळवण करू लागले.

इई घराण्याच्या वाड्यावर त्सुगुमो हानशिरो नावाचा असाच एक जण येतो. कारभारी साइतो कागेयु त्याला सावध करतो: तुझ्या आधी चिजिइवा मोतोमे नावाचा एक तरुण आला होता, आम्ही त्याला नाणी दिली नाहीत, त्याचा शब्द खरा करायला लावला. त्याच्या म्यानात पोलादी पाते नव्हते, बांबूचे होते. त्याच पात्याने त्याला मरायला लावले. त्याने एक-दोन दिवसांची मुदत मागितली होती. परत येतो म्हणाला होता. दिली नाही.

हानशिरो शांतपणे ऐकतो आणि मग सांगतो की मोतोमे आपला जावई होता.

साइतो हा दुष्ट माणूस नाही, हे चित्रपटाचे मोठेपण. रेंतारो मिकुनी या नटाने तो इतका समंजस, इतका थकलेला केला आहे की मला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला. मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी बुलडाणा जिल्ह्यात. 'आज एकाला दिले तर उद्या दहा येतील' हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते इतक्या वेळा खरे ठरलेले पाहिले आहे, की साइतोला खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो नियम पाळतो. घराण्याची इभ्रत राखतो. एवढेच की मुदत मागणाऱ्याला 'का?' हे विचारत नाही.

आता त्या चिलखताकडे वळू.

इई घराणे खरोखरच होऊन गेले. लाल चिलखतांची फौज ही त्यांची ख्याती. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे हा लाल रंग आपल्याला दिसत नाही. दिसते ती काळ्यातली चमक. हे चिलखत पूर्वजांचे आहे आणि वाड्याच्या आतल्या दालनात ते देवाच्या जागी मांडले आहे. जपानी शिंतो धर्मात देवाची मूर्ती असेलच असे नाही. देवळाच्या गाभाऱ्यात आरसा असतो, तलवार असते, एखादा दगड असतो. त्या वस्तूत देव वस्तीला येतो, अशी श्रद्धा. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. शेंदूर लावलेला तांदळा आपण पुजतोच. देवघरात चांदीचे टाक असतात, त्यांत एखादा घराण्यातला लढाईत पडलेला वीरही असतो. टाकात माणूस नसतो, त्याचे असणे असते.

पण टाक तळहातावर मावतो. वर्षातून काही वेळा त्याला आंघोळ घालतात, चिंचेने घासतात, घरातली म्हातारी त्याच्याशी बोलते. इईंचे चिलखत कुणाशी बोलत नाही. त्याच्यासमोर आवाज खाली येतो. कोबायाशीचा कॅमेरा त्याला समोरून, स्थिरपणे पाहतो, बुद्धमूर्ती पाहावी तसा. हा योगायोग नव्हे. कोबायाशी वासेदा विद्यापीठात पूर्वेकडील कलेचा विद्यार्थी होता, आणि नाराच्या प्राचीन बौद्ध शिल्पांचे मर्मज्ञ, कवी आइझु याइची हे त्याचे गुरू. मूर्ती कशी बसते, प्रकाश तिच्यावर कुठून पडला म्हणजे भाव बदलतो, हे त्याने तिथे शिकले. चित्रपटात त्याने हे सारे ज्ञान एका पोकळ मूर्तीसाठी वापरले.

पोकळ मूर्ती त्याने आधी प्रत्यक्ष पाहिली होती. युद्धकाळात तो सैन्यात भरती झाला, मांचुरियात गेला, आणि अधिकारी होण्याची संधी असताना त्याने बढती नाकारली. साधा शिपाईच राहिला. (बँकेत बढती नाकारणारे मी पुष्कळ पाहिले, पण ते गडचिरोलीची बदली टळावी म्हणून.) युद्ध संपल्यावर तो ओकिनावात अमेरिकनांच्या कैदेत होता. त्याच्या पिढीच्या जपानी मुलांच्या शाळेच्या आवारात एक छोटे देऊळवजा घर असे. त्यात सम्राटाचे छायाचित्र ठेवलेले. येता-जाता त्यासमोर वाकायचे. शाळेला आग लागली तर आधी ते छायाचित्र वाचवायचे. ते वाचवताना जिवाला मुकलेले मुख्याध्यापकही होते. 'हाराकिरी' पाहताना हे ठाऊक असले की चिलखताचा अर्थ वेगळा लागतो. १६३० सालची गोष्ट सांगताना दिग्दर्शक १९४५ विसरलेला नाही.

पण हे झाले जपानचे. चिलखत पाहिल्यावर मला आठवली ती आमची दसऱ्याची पूजा. दसऱ्याला बँकेत तिजोरीला झेंडूची माळ घालतात. लेजरांवर हळदकुंकू वाहिले जाई, पुढे संगणक आल्यावर त्याच्या डोक्यावर आपट्याचे पान ठेवले जाऊ लागले. रोखपाल किल्ल्यांचा जुडगा ताम्हनात ठेवून नमस्कार करतो. खंडेनवमीला शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार करवत पुजतो, तसाच हा प्रकार. पोट ज्याच्यावर चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यात गैर काही नाही. शस्त्र पुजायचे ते दुसऱ्या दिवशी कामाला काढण्यासाठी. इईंचे चिलखत कोणी अंगात घालत नाही. पंधरा वर्षांत लढाईच झालेली नाही. पूजा उरली, काम संपले.

यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती तलवार.

जपानच्या राजघराण्याची तीन पवित्र चिन्हे आहेत: आरसा, तलवार आणि रत्न. त्यातली तलवार नागोयाच्या आत्सुता देवस्थानात ठेवलेली आहे असे मानतात. तलवार घडवणारा लोहार पांढरी वस्त्रे घालून, भट्टीभोवती गवताची पवित्र दोरी बांधून कामाला बसे. तलवार म्हणजे सामुराईचा आत्मा, असे म्हणायची तिथे रीत आहे. असा आत्मा मोतोमेने बाजारात विकला. का, ते हानशिरो सांगतो तेव्हा अंगण गप्प होते. मोतोमेची बायको मिहो, हानशिरोची मुलगी, क्षयाने खंगत चाललेली. तान्हा मुलगा किंगो तापाने फणफणलेला. वैद्य पैशाशिवाय येणार नाही. घरातली प्रत्येक वस्तू आधीच गेलेली. मोतोमे पोरांना कन्फ्यूशियसचे पाठ शिकवून चार पैसे मिळवणारा पापभीरू तरुण. त्याने पाती विकली आणि म्याने रिकामी दिसू नयेत म्हणून बांबूची पाती करून आत घातली. बाहेरून पाहणाऱ्याला कळू नये. सामुराईच्या कमरेला तलवार हवीच.

सोनेतारण कर्जाच्या टेबलावर ज्याने काम केले आहे त्याला ही बांबूची तलवार समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे जून उजाडला की बायका पोत घेऊन येत. खत-बियाण्याची घाई. सराफ कसोटीवर सोने घासून पाही, तोलून कस सांगे. काळ्या मण्यांचे आणि दोऱ्याचे वजन वजा करायचे, हा नियम. मग बाई काय करी? वाट्या आणि सोन्याचे मणी आमच्या हवाली करी, काळे मणी तिथेच बाकावर बसून दोऱ्यात ओवून गळ्यात घाली. सोने पिशवीत, पिशवीला लाखेचे सील, सील तिजोरीत. एकदा एक बाई येताना पिशवीत बेन्टेक्सचे मंगळसूत्र घेऊनच आली होती. खरे काढले, खोटे घातले, पदर नीट केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, गळा उघडा कसा ठेवू? लोकं काय म्हनतीन?"

ते बेन्टेक्स म्हणजे बांबूची तलवार. कुणाला फसवण्यासाठी ते नसते. लोक ज्याला पवित्र मानतात त्याची जागा रिकामी दिसू नये, यासाठी असते. बैलजोडी विकलेला शेतकरी पोळ्याला मातीचे बैल पुजतो, त्यातही हेच आहे. इईंच्या लोकांनी मोतोमेचे बांबूचे पाते पाहिले आणि त्यांना तो भामटा वाटला. धर्माची टिंगल करणारा वाटला. त्यांच्या डोळ्यांसमोर एका माणसाची सगळी कहाणी उघडी पडली होती, फक्त ती वाचायची होती. बांबूचे पाते कोणी हौसेने बाळगत नाही.

चित्रपटातला सर्वांत कठीण क्षण यानंतर येतो. मोतोमेचे प्रेत घरी आणले जाते तेव्हा हानशिरोला कळते की जावयाने पाती कधीच विकली होती. आणि स्वतः हानशिरोच्या कमरेला त्याची तलवार तशीच होती. नातू तापात, लेक रक्त ओकते आहे, आणि ही एक गोष्ट विकता येते हे त्याला सुचलेसुद्धा नव्हते. तो प्रेतासमोर वाकतो, आपल्याच तलवारीला मूर्ख वस्तू म्हणतो, या वस्तूला मी कवटाळून बसलो म्हणून रडतो. तात्सुया नाकादाई या नटाने हे काम केले तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता, यावर विश्वास बसत नाही. त्याच्या आवाजात साठ वर्षांचा पश्चात्ताप आहे.

काही जण या चित्रपटाला धर्मविरोधी म्हणतील. मला तसे वाटत नाही. तलवार विकणारा मोतोमे श्रद्धाहीन नव्हता. त्याने एका पवित्र गोष्टीसाठी दुसरी पवित्र गोष्ट दिली. तान्ह्या पोराचा श्वास आणि पोलादाचे पाते या दोहोंत देव कुठे राहतो, हा प्रश्न त्याने कुणाला न विचारता सोडवला होता. त्याच्या सासऱ्याला तो सुटायला प्रेत दारात यावे लागले. चिलखतापुढे बसणाऱ्यांना तो पडलाच नाही.

बाकीची प्रतीके थोडक्यात. पांढरी वाळू, पांढरी वस्त्रे: शिंतोत पांढरे म्हणजे शुद्ध, आणि मरणाचेही तेच; आपल्यासारखेच. तोरु ताकेमित्सुचे संगीत: त्यात बिवा नावाचे तंतुवाद्य मध्येच एखादा घाव घालावा तसे वाजते. पूर्वी आंधळे भिक्षू बिवा वाजवत युद्धकथा गात, तेव्हा या वाद्याला मेलेल्या योद्ध्यांची सोबत आहेच. आणि शेंडी. सामुराईची बांधलेली शेंडी ही त्याची इज्जत. लढाईत डोके गेले तर वीरगती, शेंडी गेली तर जिवंत असून मेल्यासारखा. हानशिरो मरतेवेळी साहाय्यक म्हणून इईंच्या तीन नामांकित वीरांची नावे घेतो. तिघेही आजारी म्हणून घरी. (एकाच दिवशी तिघे आजारी पडले की कुठल्याही शाखाधिकाऱ्याला जे समजते, ते साइतोलाही समजते.) मग हानशिरो बाहीतून तीन शेंड्या काढून वाळूवर टाकतो. त्याने त्या तिघांना गाठले होते, हरवले होते, आणि मारले नव्हते. फक्त शेंड्या कापून आणल्या होत्या. उगवेपर्यंत ते घरात लपून होते. ज्या वीरांनी मोतोमेला मुदत दिली नाही, त्यांनी स्वतः मात्र केस वाढेपर्यंतची रजा घेतली होती.

१६३० हे साल मला सारखे टोचत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, २५ जुलै १६२९ रोजी, आमच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला गेले आणि तिथेच मारले गेले. त्यांच्याबरोबर दोन मुलगे आणि एक नातूही. धन्यासमोर वाकलेल्या माणसांची कत्तल धन्याच्याच दरबारात झाली. त्यांची लेक जिजाऊ त्या वेळी शिवनेरीच्या वाटेवर किंवा शिवनेरीवर होती, पोटात शिवाजी. १९ फेब्रुवारी १६३० चा जन्म. हानशिरो इईंच्या अंगणात गोष्ट सांगत होता त्या सुमारास शिवाजी काही महिन्यांचा होता, आणि दख्खनवर त्याच साली भीषण दुष्काळ उतरत होता. त्याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली.

लखुजींची समाधी सिंदखेडराजाला आहे. घुमटाची, भव्य, मुसलमानी धाटणीची. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे लाखो माणसे येतात, राजवाड्याच्या दारात वाकतात; समाधीकडे त्यातले थोडेच जातात. मी तिथे पुष्कळदा गेलो आहे. इईंच्या चिलखतासारखीच ही वास्तू पूर्वजांची, आणि आत जिवंत कोणी नाही. तरी दोहोंत एक भेद आहे आणि तो मला मोठा वाटतो. समाधी सांगते की इथे माणसे मारली गेली. कोणी, कुठे, कोणत्या विश्वासाने गेलेली असताना मारली, हे गावातले पोरही सांगते. चिलखत मात्र सांगते की इथे कधीच काही झाले नाही.

हे सांगायचे काम चिलखताला एकट्याने जमत नाही. त्याला एक साथीदार आहे: इई घराण्याचा रोजनामा.

चित्रपट सुरू होतो तो रोजनाम्याच्या वाचनाने आणि संपतो तोही रोजनाम्यानेच. पाचव्या महिन्याचा तेरावा दिवस, हवा अमुक, त्सुगुमो हानशिरो नावाचा रोनिन आला. मधल्या दोन तासांत आपण जे पाहिले त्यातले शेवटच्या नोंदीत काय उरते? हानशिरो अखेर लढतो. चौघे मरतात, आठ जबर जखमी होतात. जखमांनी झाकलेला हानशिरो आतल्या दालनात पोचतो, चिलखत दोन्ही हातांनी उचलतो आणि जमिनीवर आपटतो. बंदुकवाले येतात, पवित्र तलवारीची भाषा करणाऱ्यांना एका माणसासाठी बंदुका आणाव्या लागतात. साइतो हुकूम देतो: मेलेले सगळे आजाराने मेले असे लिहा. शेंड्या गेलेल्यांपैकी एकाने स्वतःच जीव दिला आहे. उरलेल्या दोघांनी पोट फाडून घ्यावे, तेही आजारानेच गेले असे लिहा. जखमींवर उपचार करा. हानशिरोने विधिवत सेप्पुकू केले अशी नोंद करा. इई घराण्याच्या शिस्तीची वाखाणणी शोगुनाच्या दरबारापर्यंत पोचते.

हा रोजनामा मला चिलखतापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. त्यातली अक्षरे सुबक आहेत.

२००६ साल आठवा. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आमचा बुलडाणा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे शासनाचे धोरणही त्याच सुमारास पक्के झाले. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती. प्रत्येक प्रकरण तिच्यासमोर येते आणि त्याच्यावर दोनपैकी एक शब्द पडतो: पात्र किंवा अपात्र. सातबारा घरच्या नावावर हवा. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकी हवी. आणि कर्ज थकीत हवे, वसुलीचा तगादा हवा. सरकारी पैसा आहे, निकष लागणारच. साइतोसारखेच मीही म्हणेन की निकष नसतील तर उद्या दहा येतील.

पण 'थकीत' या शब्दाची गंमत बँकवाल्याला ठाऊक असते. आमच्याकडे 'नवं-जुनं' नावाचा एक प्रकार आहे. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरले तर व्याजात सवलत, पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजनाच आहे. पुढच्या हंगामाचे कर्जही तेव्हाच मिळते. शेतकऱ्याकडे मार्चमध्ये पैसा नसतो. मग तो बिनपरवान्याच्या सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी उचल करतो, बँकेत भरतो, खाते बेबाक दिसते, नवे कर्ज निघते आणि त्यातून सावकाराचे भागवतो. निघाले नाही, उशीर झाला, कमी निघाले, तर सावकाराचे देणे डोक्यावर. त्या देण्याचा कागद नसतो. बँकेच्या वहीत मात्र हा माणूस उत्तम कर्जदार. नियमित.

अशा एका शेतकऱ्याच्या प्रकरणात बँकेचा दाखला मागितला गेला होता. गाव आणि तालुका सांगत नाही. दाखल्यात लिहिले होते: 'कर्ज आहे, थकीत नाही.' दाखला अक्षरशः खरा होता. प्रकरणावर शब्द पडला: अपात्र. ज्याने इभ्रतीसाठी बाहेरून पैसा आणून बँकेचे खाते स्वच्छ ठेवले, त्याचे स्वच्छ खाते त्याच्या बायकोच्या आड आले. ती कागद घेऊन शाखेत आली होती. तिने रडारड केली नाही. एवढेच विचारले, "म्हंजे त्यानं बँकेचं बुडवलं असतं तर भेटले असते?" त्या बाईच्या गळ्यात काय होते ते मी पाहिले नाही, सवयीने नजर तिकडे जाते, पण त्या दिवशी गेली नाही.

तिच्या नवऱ्याच्या कमरेलाही बांबूची तलवार होती. त्याचे बेबाक खाते हीच ती तलवार.

आत्महत्येला सन्मान चिकटवण्याचा धंदा या चित्रपटाने उघडा पाडला आहे, म्हणून आमच्या भागात तो आवर्जून पाहावा असे मला वाटते. हानशिरो मरण वाईट की चांगले यावर बोलत नाही. तो म्हणतो, एक-दोन दिवस द्यायला हवे होते. त्या पोराला कारण विचारायला हवे होते. साऱ्या चित्रपटाची मागणी एवढीच आहे. मुदत आणि एक प्रश्न.

सिंदखेडराजापासून फार लांब नाही असे मेहुणाराजा हे गाव, देऊळगावराजा तालुक्यातले. चोखोबांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते, कूस कोसळले आणि मजुरांसह ते त्याखाली गाडले गेले; साल १३३८ सांगतात. पुढे नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडेच हाडे. कोणती कोणाची? कथा अशी की नामदेव एकेक हाड उचलून कानाला लावत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे त्यांनी पंढरपूरला नेली. महाद्वारापाशी, पायरीलगत, समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळात घेतले नाही, त्याला मेल्यावरही दाराबाहेरच ठेवले, हे खरे. पण त्या ढिगाऱ्यात कोण होते हे कुणीतरी विचारले, हेही खरे. कूस बांधून घेणाऱ्यांच्या वहीत त्या दिवशी किती मजूर गेले याची नोंद असेल किंवा नसेल. नामदेवांनी वही मागितली नाही. ते हाडांशी बोलले.

जपानी चित्रपटात नामदेव नाही. हानशिरो स्वतःच हाडांचे काम करतो: मेलेल्या जावयाची गोष्ट तो जिवंत तोंडाने, वाड्यातल्या सगळ्यांना ऐकवतो. ऐकणाऱ्यांत खालच्या दर्जाचे सैनिकही आहेत. कॅमेरा मधूनमधून त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि एखाद्याचे डोळे खाली जातात. रोजनामा लिहिणाऱ्याला ते डोळे दिसत नाहीत.

शेवटी वाडा पूर्ववत केला जातो. फुटलेले चिलखत पुन्हा जोडून, केस नीट करून, जागेवर बसवले जाते. त्यामागे तीच शांतता आणि तोच धूर. वरून नोंदीचे वाचन चालू असते: अमुक आजाराने, तमुक आजाराने, दरबाराकडून प्रशंसा. अंगणात नोकर वाळूवरचे रक्त खरवडून काढत असतात, नवी वाळू पसरत असतात. त्यातल्या एकाच्या हाताला काहीतरी लागते. तो उचलून पाहतो. शेंडी आहे. क्षणभर पाहतो, बादलीत टाकतो आणि पुढचा ढीग भरायला वाकतो.